आप्तांची साक्ष आणि वार्धक्यातील बुद्धिऱ्हासाचे मापन

वृद्ध व्यक्तीची बुद्धी ओसरू लागली आहे काय, हे ठरविण्यासाठी खुद्द तिची परीक्षा न घेता तिच्या निकटच्या आप्ताला प्रश्न विचारावेत, या पद्धतीचे सर्वांत परिचित साधन म्हणजे जॉर्म आणि जेकोम यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केलेली २६ प्रश्नांची प्रश्नावली. जॉर्म यांनीच १९९४ मध्ये तिचे १६ प्रश्नांचे संक्षिप्त रूप सिद्ध केले. नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण, वस्तूंच्या जागा, नवे उपकरण हाताळणे, पैशाचे व्यवहार अशा बाबतींत ती व्यक्ती दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज कशी आहे, हे आप्ताने १ ते ५ या श्रेणीत सांगावयाचे असते. ३ म्हणजे फारसा फरक नाही. ५ म्हणजे पुष्कळच अधोगती.

या पद्धतीचा गुण निर्विवाद आहे. फोल्स्टीन प्रभृतींच्या १९७५ च्या चाचणीत अल्पशिक्षित वृद्धाला केवळ शिक्षणाअभावी कमी गुण पडण्याचा संभव असतो. येथे व्यक्तीची तुलना तिच्याच पूर्वावस्थेशी होत असल्याने तो दोष बराच टळतो. मात्र आप्ताची स्वतःची खिन्नता, चिंता आणि वृद्धाशी असलेले त्याचे संबंध यांची छाया उत्तरांवर पडते, हे जॉर्म यांनी २००४ च्या समीक्षेत प्रांजळपणे नमूद केले आहे.

पण प्रश्न केवळ मनःस्थितीचा नाही. भाषेच्या क्षेत्रकार्यात भाषक कसा बोलतो आणि आपण कसे बोलतो याविषयी तो काय सांगतो, या दोन सामग्री वेगळ्या मानतात. प्रस्तुत प्रश्नावलीत ही दुसऱ्या जातीची सामग्री, आणि तीही तिसऱ्याच व्यक्तीविषयीची, पहिल्या जातीची म्हणून मोजली जाते. भाषांतर करू लागताच हे उघड होते. इंग्रजीतील एका क्रियापदासाठी मराठीत ‘आजोबांना नाव आठवत नाही’, ‘आजोबांच्या लक्षात राहत नाही’ आणि ‘आजोबा लक्षात ठेवत नाहीत’ अशा तीन रचना संभवतात. पहिल्या दोहोंत आजोबा केवळ अनुभव घेणारे आहेत. तिसरीत ते कर्ते होतात आणि दोष त्यांच्याकडे जातो. सासऱ्यांविषयी आदरार्थी बहुवचनाने बोलणारी सून तिसऱ्या रचनेला ‘हो’ म्हणताना कचरेल. पहिलीला कदाचित सहज म्हणेल.

त्यातच दहा वर्षांची अट. रोज जेवण वाढणारी सून सहा वर्षांपूर्वी घरात आलेली असते. दहा वर्षांपूर्वीचे वडील जिला ठाऊक आहेत ती मुलगी सासरी असते. साक्ष कोणाची घ्यावी? एकीपाशी आजचे निरीक्षण आहे, दुसरीपाशी तुलनेचा आधार.

हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी फिलेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली ११ प्रश्नांची श्रेणी दैनंदिन व्यवहारांवर बेतलेली आहे. बँकेचे तोंडही न पाहिलेल्या वृद्धेला बँकेविषयी विचारण्यापेक्षा हे कितीतरी समंजस. परंतु तेथेही उत्तर आप्ताच्याच तोंडून येते.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जेथे घरोघर बोलली जाते, तेथे बऱ्याच वेळा एकच उत्तर मिळेल: ‘आता वयच झालं त्यांचं.’ या उत्तराला श्रेणीत जागा नाही. अधोगती स्वाभाविक मानणाऱ्या आप्ताच्या लेखी तो ‘फारसा फरक नाही’ असतो, वैद्याच्या लेखी ४ किंवा ५. प्रश्नकर्ता मात्र ते वाक्य टिपून न ठेवता कोठला तरी एक अंक लिहितो.