विश्वरचनेचे वाद आणि त्यांची भाषा

विश्वाच्या उत्पत्तीविषयीचे वाद हा शास्त्रज्ञांचा प्रांत, वाङ्मयाच्या अभ्यासकाचे तेथे काय काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु हे वाद समाजापर्यंत पोहोचतात ते भाषेतून. आणि भाषा त्यांत तटस्थ राहतेच असे नाही. पुष्कळदा पुरावा पुढे येण्यापूर्वीच ती आपला कौल देऊन बसते.

‘गुरुत्वाकर्षण’ हाच शब्द घ्यावा. त्यातील ‘आकर्षण’ न्यूटनच्या कल्पनेस जुळणारे आहे. आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलेल्या सिद्धान्तात एका वस्तूने दुसरीस ओढण्याचा प्रश्नच उरत नाही. द्रव्यामुळे अवकाश-काल वक्र होतो व वस्तू त्या वक्रतेस अनुसरून जातात. सिद्धान्त बदलला, शब्द मात्र राहिला. ‘महास्फोट’ हा शब्द तर अधिकच फसवा. स्फोट म्हटला की तो कोठेतरी होतो आणि त्याभोवती मोकळी जागा असते. या उपपत्तीत मात्र प्रसरण पावते ते अवकाशच. त्यास मध्यबिंदू नाही. मूळ इंग्रजी नाव १९४९ साली बी.बी.सी.वरील भाषणात फ्रेड हॉयल यांनी योजले, आणि ते तर या उपपत्तीचे विरोधक होते!

हॉयल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली ‘स्थिर-स्थिती’ विश्वाची कल्पना मांडली. विश्व प्रसरण पावते. परंतु नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे एकंदर रूप कायम राहते. पुढे १९६४ साली हॉयल व जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या तिच्या संबंधातून ते उद्भवते, हा माखचा विचार त्यांनी गणिताच्या रूपात बसविला. १९६५ साली नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पेन्झियास व विल्सन यांनी विश्वाच्या सर्व दिशांकडून येणाऱ्या सूक्ष्मतरंगी प्रारणाचा शोध जाहीर केला. उष्ण प्रारंभाची ती साक्ष मानली गेली आणि स्थिर-स्थितीचा पक्ष दुबळा झाला.

येथे साहित्यिक वाचकाची एक खोड उघडी पडते. प्रस्थापितांविरुद्ध उभा राहिलेला एकटा बंडखोर आपणास प्रिय असतो, आणि त्याच्या एकटेपणालाच आपण त्याच्या सत्याचा पुरावा समजतो. वस्तुतः स्थिर-स्थितीचे मोठेपण बंडखोरीत नव्हते. विश्व सर्वकाळ सारखेच असेल, तर दूरचे, म्हणजे पूर्वीचे, विश्व जवळच्यासारखेच दिसले पाहिजे, असे तिने निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे आपण कशाने पडू हेही सांगितले. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ-स्रोतांच्या मोजणीने तिच्यावर आघात केला, तो याच जागी. शिवाय ती निष्फळही ठरली नाही. उष्ण प्रारंभच नाकारल्यावर मूलद्रव्ये घडली कोठे, हा प्रश्न हॉयल यांना टाळता येईना. बर्बिज दांपत्य व फाउलर यांच्यासह १९५७ साली त्यांनी दाखवून दिले की जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. हे प्रतिपादन आज प्रतिपक्षासही मान्य आहे.

मात्र १९९३ साली हॉयल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी मांडलेल्या सुधारित उपपत्तीविषयी तितक्याच मोकळेपणाने बोलावे लागेल. तिच्यात त्या प्रारणाच्या स्पष्टीकरणासाठी अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक आक्षेपास नवे गृहीतक जोडून उत्तर देणाऱ्या उपपत्तीचा बचाव भक्कम होतो. तिची खात्री पटविण्याची शक्ती मात्र घटत जाते.

नारळीकर २०२५ साली निवर्तले. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला होता. ललित गद्याची सवय असलेल्या वाचकास त्यांचे मराठी काहीसे कोरडे वाटेल. परंतु तो कोरडेपणा म्हणजे अभिनिवेशाचा अभाव होय. अशा लेखनाचे मूल्यमापन अलंकारांवरून करू नये, आणि लेखकाचा पक्ष अखेर जिंकला की हरला यावरूनही करू नये. आपले म्हणणे कोणत्या पुराव्याने खोटे ठरेल हे तो वाचकास कळू देतो काय, हीच त्याची कसोटी. आपल्या साहित्यसमीक्षेतील किती विधाने या कसोटीस उतरतील, हे आपण समीक्षकांनीही स्वतःस विचारावयास हवे.