ऐकणारे पुष्कळ, विचारणारे कुठे?

तत्त्वज्ञान सामान्य माणसाच्या घरापर्यंत कसं न्यायचं, याचे जेवढे प्रयोग रायगडच्या मातीशी जोडलेले आहेत, तेवढे महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे सापडतील. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला तो महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत, अशी परंपरा आहे. विनोबा भावे १८९५ साली जन्मले ते पेण तालुक्यातल्या गागोद्याला. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, जन्म १९२०. आणि १९४३ पासून ‘दासबोधा’च्या निरूपणाची बैठक गावोगाव नेणारे नानासाहेब धर्माधिकारी रेवदंड्याचे. अवघड विचार सोपा करून सांगण्याची ही कला आज या किनाऱ्यावर कशी नांदते आहे, याचा हिशेब मांडायला हवा.

पहिल्यांदा जमेची बाजू. अलिबाग, मुरूड, पेण, उरण या पट्ट्यात बैठकीला जाणारं माणूस ज्या गावात नाही, असं गाव शोधावं लागेल. ठरलेला वार, ठरलेली वेळ, पुरुषांची बैठक वेगळी, स्त्रियांची वेगळी, मुलांची वेगळी. कधी एखाद्या शाळेत, कधी एखाद्या सभागृहात श्रीसदस्य, म्हणजे बैठकीला येणारी माणसं, शिस्तीत बसतात आणि समासाचं निरूपण ऐकतात. घरातली दारू सुटली, भांडणं निवली, असं सांगणारी कुटुंबं या भागात सहज भेटतात. जोडीला वृक्षारोपण आणि स्वच्छतेची कामंही चालतात. शेतावरून, होडीवरून, कंपनीतल्या पाळीवरून आलेली माणसं आठवड्यामागून आठवडे सतराव्या शतकातल्या ग्रंथासाठी बसतात, ही साधी गोष्ट नाही.

याचं मोठं श्रेय त्या ग्रंथालाही आहे. वीस दशक, प्रत्येकी दहा समास असा ‘दासबोधा’चा बांधेसूद संसार. त्यात ब्रह्म आणि माया जेवढ्या गांभीर्याने येतात, तेवढ्याच गांभीर्याने एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं ते सांगतो. अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, ओळीत अंतर सारखं राहावं, कागदाच्या कडेला जागा सोडावी, बोरू नीट तासावा, इथपर्यंत बारकावे. बाराव्या दशकात आधी प्रपंच नेटका करायला सांगितलं आहे. तत्त्वज्ञान रोजच्या कामाला यावं, ही अपेक्षा समर्थांनी ग्रंथातच पुरी केली आहे.

पण याच ग्रंथाचा घाट एक वेगळी आठवणही करून देतो. ‘दासबोध’ उघडतो तो श्रोत्यांच्या प्रश्नाने. पुढेही श्रोता अधूनमधून आक्षेप घेतो, शंका काढतो, वक्त्याला थांबवतो. आणि वक्ता पुन्हा पुन्हा प्रत्ययाकडे बोट दाखवतो: अनुभवाला आलं नाही, तर नुसत्या बोलण्याला किंमत नाही. आजच्या बैठकीचा भर मात्र श्रवणावर आहे. ग्रंथातला श्रोता विचारतो, सभागृहातला ऐकतो. या कलेची आजची उणीव नेमकी इथे आहे.

श्रोत्याच्या बोलण्यातून केवढं मोठं काम उभं राहू शकतं, याचा दाखला विनोबांच्या घरातच आहे. त्यांची आई रुक्मिणीबाई गीतेच्या प्रवचनाला जात. संस्कृत कळत नाही, म्हणून त्यांनी मराठी गीता मागितली, आणि मिळाली ती पुरेशी सोपी वाटेना, तेव्हा तूच का करत नाहीस, असं मुलाला विचारलं. त्या १९१८ मध्ये गेल्या. ‘गीताई’ लिहून झाली १९३१ मध्ये. पुढच्या वर्षी, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. साने गुरुजींनी ते लिहून घेतलं आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. समोर सत्याग्रही कैदी होते. घरदार सोडून तुरुंगात आलेल्यांपुढे कर्तव्य आणि मोह यांची चर्चा चालली होती. त्यांच्या मनातला पेच आणि अर्जुनाचा पेच यांत फारसं अंतर नव्हतं.

आठवल्यांनी दुसरी वाट धरली. माणसाच्या अंतरी ईश्वर आहे, हा वेदान्तातला विचार त्यांनी थेट श्रमाला जोडला. ‘मत्स्यगंधा’ या सामुदायिक होडीवर त्यांच्या स्वाध्याय चळवळीतली माणसं पाळीपाळीने श्रम देतात, मासळीच्या पैशावर कुणा एकाची मालकी नसते, त्यातला वाटा गरजूच्या घरी पोचतो. १९९६ मध्ये त्यांना मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. विचार कसा वापरावा हे पाटीवर लिहून दाखवण्याऐवजी त्यांनी पाण्यावर चालवून दाखवलं.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, प्रश्नालाच कृतीचं रूप आल्याचंही उदाहरण आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सोबतचे हजारो लोक अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला देत समतेची मांडणी केली. श्रोत्यांत खेड्यापाड्यांतले कष्टकरी होते. युरोपातली राज्यक्रांती त्यांच्या पाणवठ्याशी जोडली गेली आणि कुणालाही ती परकी वाटली नाही. तत्त्वज्ञान लोकांसाठी सोपं करायचं म्हणजे त्याची धार बोथट करायची, हा समज खोडून काढायला महाड एकटं पुरेसं आहे.

मराठीत चिकित्सक विचाराची परंपराही थोर आहे, पण ती वेगळ्याच वाटेने गेली. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ निघाला. मे. पुं. रेगे यांनी वाईच्या ‘नवभारत’मधून, दि. य. देशपांडे यांनी नागपूरच्या ‘आजचा सुधारक’मधून काटेकोर वाद घातले. श्रीनिवास हेमाडे यांनी २०१४ मध्ये ‘लोकसत्ता’त ‘तत्त्वभान’ हे सदर लिहिलं. अकरावी-बारावीला कला शाखेत तत्त्वज्ञान हा विषय आहे, मराठीत पाठ्यपुस्तकंही आहेत. पण हे सारं छापील पानावर आणि वर्गात राहिलं. जिथे माणसं जमतात तिथे प्रश्न नाही आणि जिथे प्रश्न आहे तिथे माणसं नाहीत, अशी ही फाळणी आहे.

अशी फाळणी सांधण्याचा एक प्रयोग पॅरिसमध्ये झाला. १९९२ साली मार्क सोते या प्राध्यापकाने बास्तीय चौकातल्या एका कॅफेत रविवारी सकाळी तत्त्वज्ञानाची खुली चर्चा सुरू केली. आलेल्यांतूनच विषय निघायचा आणि कुणीही बोलायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. तिची मर्यादाही खरी आहे: बोलणं खूप होतं, पण बैठकीसारखी वर्षानुवर्षांची बांधिलकी आणि आचरणाचा आग्रह तिच्यात नसतो.

रायगडच्या किनाऱ्यावर प्रश्नांची टंचाई नाही. अलिबागची जमीन बंगल्यांसाठी विकली जाते, उरण-पनवेलला संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड वाटले जातात, आणि घरोघरी एक कागद पुढे येतो: हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहीण येते, अंगठा किंवा सही करते, माहेर तुटू नये म्हणून नाव काढून घेते. हे प्रेम की दडपण? भावाने ते मागावं का? तिने दिलं तर तो त्याग म्हणायचा का? न्याय, मोह, कर्तव्य, स्वातंत्र्य हे सगळे शब्द त्या एका सहीत गुंतलेले आहेत. तसंच मासेमारीचं. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. शेजारचा चोरून होडी लोटत असेल आणि आपल्या घरी हप्ता थकला असेल, तर नियम का पाळायचा? निरूपणात या प्रश्नांना नावानिशी जागा मिळाली पाहिजे.

त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. बैठकीने निरूपणानंतर अर्धा तास श्रोत्यांच्या शंकांना द्यावा. असं केल्याने ‘दासबोधा’ची मूळ रीतच पाळली जाईल. कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा मुरूड, श्रीवर्धन, उरणच्या सार्वजनिक वाचनालयांत यावं, आगरी-कोळी बोलीत विचारलेला प्रश्न समजून घ्यावा आणि उत्तर देण्याआधी तो नीट मांडायला मदत करावी. अकरावीच्या मुलामुलींनाही तिथे बोलवावं. पहिला विषय हक्कसोडपत्राचा ठेवावा, आणि त्या दिवशी बहिणींना आधी बोलू द्यावं.