शिकारीचा वाटा

मृगया व मत्स्यविनोद हे विषय वाङ्मयाच्या पदवीस पोहोचू शकतात काय, असा प्रश्न आमचे एक विद्वान स्नेही परवा सहज टाकून गेले. त्यांचे स्वतःचे मत अर्थातच नकाराचे होते. वाघ किती फूट लांब, बंदूक कोणत्या घडणीची, मासा किती वजनाचा आणि तो गळाला किती वेळ झुंजला, यापलीकडे या लेखनात असते काय, असे ते म्हणाले, आणि मराठीतील शिकारकथांची चार-दोन उदाहरणे त्यांनी आमच्या तोंडावर टाकली. त्या वेळी आम्ही गप्प बसलो, कारण ती उदाहरणे खरोखरच तशी होती. तथापि विषयच कोता आहे हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. आमच्या मते या लेखनाची गोष्ट फार लवकर संपते, हा त्यातला खरा दोष आहे. बार लागला किंवा मासा काठावर आला की लेखकाची लेखणी थांबते. आणि ज्यांनी अशा मोहिमा घरच्या माणसांबरोबर व गावकऱ्यांबरोबर केल्या आहेत, त्यांस ठाऊक आहे की खरा प्रसंग तेथून पुढे सुरू होतो.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने म्हणतो, ते सांगणे प्राप्त आहे. आमचे बालपण लोअर परळात, डिलाइल रोडवरील (आताचा ना. म. जोशी मार्ग) एका चाळीत गेले. वडील एका गिरणीच्या साचेखात्यात होते. चाळीत निम्मी माणसे रत्नागिरीकडची. खाली गाववाल्यांचा एक गाळा होता, त्यात पाळीपाळीने वीस-पंचवीस जण निजत. जूनच्या आरंभी पहिली मोठी सर येऊन रस्त्यात पाणी तुंबले की त्या गाळ्यात एक निराळीच अस्वस्थता पसरे. ‘चढण लागली असेल’ एवढेच कोणी तरी म्हणे, आणि मग रात्रभर दुसरे बोलणे नसे. पेरणीच्या नावाने रजेचे अर्ज पडत. त्यांतील किती अर्ज भाताच्या पेरणीसाठी होते आणि किती माशांसाठी, याचा हिशेब कोणत्याही टाइमकीपराने ठेवलेला नाही.

शहरी वाचकांसाठी चढण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसाने ओढे फुगले, खाचरे भरून वाहू लागली की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. उथळ, निवांत पाण्यात अंडी घालावीत यासाठी त्यांची ही धाव असते. ठाणे-रायगडाकडे याला वलगण म्हणतात. वर्षातून दोन-चार रात्रीच हे चालते. त्या रात्री गावातील लहानथोर माणसे चुडी पेटवून, कंदील घेऊन, कोणी पाग, कोणी टोपली, कोणी नुसता कोयता घेऊन पऱ्यावर जातात. पाऊस कोसळत असतो, पायांखाली चिखल, अंगावर घोंगडी किंवा इरले. मरळ दिसली की सारे एकदम ओरडतात आणि ती निसटली की एकमेकांना दोष देतात. यात शौर्य काहीच नाही. परंतु बाप, चुलता, आतेभाऊ, शेजारी हे सारे एका पाण्यात गुडघाभर उभे आहेत, असा देखावा वर्षात दुसऱ्या कोणत्या रात्री दिसत नाही.

आता या विषयावरील वाङ्मयाकडे पाहू.

आपल्या परंपरेत शिकारीची चर्चा आहे, पण ती राजाची. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो आणि विदूषक तिच्या पायी आपली हाडे कशी खिळखिळी झाली याचे रडगाणे गातो. कालिदासाचा विनोद आम्हांस प्रिय आहे. शिकारीला निघालेल्या मंडळींत एक तरी मनुष्य मनातून घरी परत जाऊ इच्छीत असतो, हे त्याने अचूक हेरले. बाराव्या शतकातील कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ तर या बाबतीत अद्भुत ग्रंथ आहे. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी आपले भाषाभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतात, तोच हा. (त्याची राजधानी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, तेथे आजही मराठी कानी पडते.) त्यात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे : माशांच्या जाती, कोणत्या माशास कोणते आमिष, गळ, दोरी, काठी, सारे शास्त्रशुद्ध. हे प्रकरण एखाद्या कसलेल्या गळकऱ्याने वाचावे, तो माना डोलावील. पण विनोद तो राजाचाच. आमिषाचा विचार आहे तितका आमिष मळणाऱ्या सेवकाचा नाही.

इंग्रजीच्या अभ्यासाने आमच्या पिढीच्या हाती जी पुस्तके आली, त्यांत आयझॅक वॉल्टनचे गळावरील पुस्तक (१६५३) पहिले. ते निघाले तेव्हा इंग्लंड यादवी युद्धातून नुकतेच बाहेर पडत होते. आणि हा गृहस्थ नदीकाठी बसून सोबत्याला मासा कसा शिजवावा ते सांगतो आहे! या निवांतपणाची थट्टा करणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यातील एक लहानशी गोष्ट विसरवत नाही : आपण धरलेला मासा तो गाई राखणाऱ्या बाईस देऊन टाकतो, आणि मोबदल्यात तिच्या मुलीचे गाणे मागतो. तुर्गेनेवने १८५२ साली आपल्या शिकारी भटकंतीची शब्दचित्रे पुस्तकरूपाने दिली. त्यांत पक्षी किती पडले हे कोणास आठवत नाही, आठवतात ते वाटेत भेटलेले भूदास. त्यांची कायद्याने मुक्तता झाली ती पुढे १८६१ साली. बंदूक खांद्याला लावून निघालेला जमीनदार कुळाच्या झोपडीत पावसासाठी थांबतो आणि तेथे त्याला जे दिसते, ते त्याला दिवाणखान्यात बसून दिसले नसते. शिकारीचा वाङ्मयाला उपयोग कोणता, असे विचारणाऱ्या आमच्या स्नेह्यांस आम्ही हे पुस्तक पाठवून दिले आहे.

मराठी शिकारकथेवर मात्र याचा संस्कार झाला नाही; झाला तो जिम कॉर्बेटचा. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली निघाले. कॉर्बेटवर आमचा राग नाही. त्याच्या पानांत भयाने बंद झालेली दारे आहेत, शेतात जाऊ न धजणारी माणसे आहेत, आणि तो त्यांना नावांनिशी ओळखतो. पण त्याच्या अनुकरणाने लिहिणाऱ्या बहुतेकांनी वाघ तेवढा घेतला आणि गाव सोडून दिले. हाकारे त्यांच्या कथांत आवाजापुरते येतात. माणसे म्हणून ते कोण, त्या दिवसाची मजुरी बुडवून ते का आले, जनावर पडल्यावर त्यांना काय मिळाले, याविषयी अक्षर नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची गोष्ट वेगळी. बंदुकीचा नाद त्यांस होता, आणि पुढे तो मागे पडून हातात चित्रवही राहिली, हा त्यांच्या लेखनाचा प्रवास वाचकांस ठाऊक आहे. ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांची झुंज त्यांनी ज्या अलिप्त नजरेने टिपली, ती नजर जन्मभर सावजाच्या मागावर राहिलेल्या माणसाचीच असू शकते. मारुती चितमपल्लींनी अरण्याची भाषाच मराठीत आणली. २०२५ साली ते गेले, तेव्हा शेकडो शब्द पोरके झाल्यासारखे आम्हांस वाटले. पण या दोघांच्याही उत्तम लेखनात अरण्यात शिरतो तो मनुष्य बहुधा एकटा असतो. एकांत हीच त्याची कमाई. त्याबद्दल तक्रार करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे म्हणणे इतकेच की मंडळींनी मिळून केलेली शिकार आणि तिची वाटणी हा भाग त्यामुळे अलिखित राहिला.

अगदीच अलिखित, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वाटणीची गोष्ट मराठीत आली, ती शिकारकथेतून आली नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर दलित आत्मकथने एकामागून एक आली. मेलेल्या ढोराच्या मांसाभोवती जमलेली माणसे, कोणाला काय मिळाले, कोणाच्या वाट्याला काहीच आले नाही, हे त्या लेखनाने निर्भीडपणे सांगितले. ज्यांच्यापर्यंत वाटा शेवटी पोहोचे, किंवा पोहोचतच नसे, त्यांनीच वाटणीचे वर्णन करावे, आणि ज्यांना पहिला वाटा मिळे त्यांनी फक्त नेमबाजीचे, यात मराठी वाङ्मयाचा एक पुरता इतिहास आहे.

आमच्या घरात वाटणीचे नियम तोंडी चालत आले होते. आमचे चुलत आजोबा डुकराच्या शिकारीच्या गोष्टी सांगत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला, त्यापूर्वीच्या त्या गोष्टी. ज्याचा बार लागला त्याचा भाग ठरलेला, हाकाऱ्यांचा ठरलेला, ज्याचा कुत्रा फाडला गेला त्याला थोडे अधिक. गावातील काही घरांना मात्र वाटा अंगणाबाहेरूनच दिला जाई, हेही ते त्याच सुरात सांगत; त्यात काही गैर आहे असे त्यांस कधी वाटले नाही, आणि आम्हांसही ते फार उशिरा खटकले. चढणीच्या माशांना मानाचे वाटे नव्हते. आमच्या वाडीत एकवीस घरे. पऱ्यावर कोणाच्या घरचे किती आले हे न पाहता पडवीत पानांवर एकवीस वाटे घालत. ज्या घरी एकटी म्हातारी होती, त्या घराचाही एक. मग एखाद्या पोराला पाठमोरे उभे करीत. एका वाट्यावर बोट ठेवून कोणी विचारी, ‘हा कोणाचा?’ पोर न पाहता घराचे नाव घेई.

१९८१ च्या जूनमध्ये ते पोर आम्ही होतो आणि आम्हांस त्याचा केवढा अभिमान वाटला! पुढच्या वर्षी १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. मे उजाडला तेव्हा आमचे सारे बिऱ्हाड गावी होते. चाळीतला तो गाळाही जवळजवळ रिकामा झाला होता. सर्वजण वाडीत परत आले होते. चढण लागली त्या रात्री पऱ्यावर पूर्वी कधी नव्हती इतकी माणसे होती आणि ओरडा मात्र नव्हता. मासे नेहमीइतकेच मिळाले. एकवीस वाटे पडले; पण या खेपेस प्रत्येक घरात खाणारी तोंडे दुप्पट होती. आम्हांस पुन्हा पाठमोरे उभे केले. आम्ही दहा वर्षांचे होतो. आम्ही मान किंचित वळवली, मरळ असलेला मोठा वाटा कोणत्या क्रमाला येणार ते पाहून घेतले, आणि त्या क्रमाला आमच्या घराचे नाव घेतले.

कोणी काही बोलले नाही. वडील उठले, आमच्या घराचे पान उचलून शेजारच्या म्हातारीच्या पानाजवळ ठेवले आणि तिचे उचलून आणले. घरी जाताना कंदील त्यांनी आमच्या हाती दिला. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुढे कधीही केला नाही, हे लिहिण्यास आम्हांस त्यांच्या पश्चात इतकी वर्षे लागली.

वाचक विचारतील, या खाजगी आठवणीचा टीकेशी संबंध काय? संबंध असा की, तेव्हापासून शिकारीचे कोणतेही पुस्तक हाती आले की आम्ही वाट्याचे पान शोधतो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी (१९५२, पु. ल. देशपांड्यांनी त्याला ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणले) हा तर एकाकीपणाचा मूर्तिमंत पुतळा मानला जातो. त्याचा मासा शार्कांनी खाल्ला, उरला सांगाडा. पण शेवटची पाने पुन्हा वाचावीत. तो म्हातारा डोके एका कोळ्याला सापळ्यात आमिष म्हणून देतो आणि चोच त्या मुलाला. मांसाचा कणही उरला नसता त्याने वाटणी केली! टीकाकारांनी त्या पुस्तकातील धैर्यावर पुष्कळ लिहिले आहे. या दोन वाट्यांकडे आमच्या मते अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

एका आक्षेपाचे उत्तर देणे राहिले. चढणीचा मासा हा पोटात अंडी असलेला मासा. त्याला त्या रात्री मारणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बी खाणे होय. समुद्रात पावसाळ्यापुरती यांत्रिक मासेमारी बंद असते ती याच विचाराने. एकवीस घरांच्या टोपल्यांनी ओढे रिकामे झाले नसतील. पण बंधारे आणि ओढ्यांत उतरणारी विषे यांनी आधीच थकलेल्या पाण्याला आता तेवढाही भार पेलवत नाही. तेव्हा त्या रात्रींचे पुनरुज्जीवन करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे पुतणे गेली काही वर्षे नुसते बघायला जातात, तेच योग्य. लिहिण्याची घाई करावी असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. बंदूकवाल्यांनी आपले लिहून ठेवले आहे. टोपलीवाल्यांचे अद्याप व्हायचे आहे.

आमची चाळ पडली; तेथे आज काचेची इमारत आहे. गाळ्यातील मंडळींपैकी एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी चाळ दादा म्हणे, अजून करी रोडला मुलाकडे असतात. पावसाळा लागला की आम्ही त्यांस भेटावयास जातो. १९८१ सालच्या त्या मरळीची लांबी ते दर वर्षी दोन बोटे वाढवून सांगतात, आणि आम्ही हरकत घेत नाही. वाटे किती पडले होते, असे मध्येच विचारले तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता म्हणतात, एकवीस.