कलमदान आणि नाममुद्रा : रहीमच्या चरित्रवादी वाचनाची मर्यादा

अब्दुर्रहीम खानखाना याचे दोहे अनेकदा त्याच्या चरित्राच्या आधारे वाचले गेले आहेत. दानाचे दोहे वैभवकाळाला आणि विपन्नतेचे दोहे जहांगीरच्या अवकृपेच्या काळाला जोडायचे, ही त्या वाचनाची रीत. तिच्यात चक्रक दोष आहे : दोह्यांचा काळ चरित्रावरून ठरतो आणि चरित्रातील भावजीवन दोह्यांवरून रचले जाते.

या रीतीचा कस रहीमच्या तारुण्यातील गुजरातच्या सुभेदारीपाशी लागतो. १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे बैरामखानाचा खून झाला, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता. १५७६ च्या सुमारास अकबराने त्याच प्रांतावर त्याची नेमणूक केली; प्रत्यक्ष व्यवस्था मात्र वजीरखानाकडे होती. जानेवारी १५८४ मध्ये सरखेज येथे त्याने तिसऱ्या मुजफ्फरशहाचा पराभव केला आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याला पित्याचाच ‘खानखाना’ हा किताब मिळाला. विजयानंतर सारी मालमत्ता वाटून झाल्यावर शेवटी आलेल्या एका शिपायाला त्याने समोरचे कलमदानही देऊन टाकले, अशी आख्यायिका फार्सी चरित्रपरंपरेने जपली आहे.

चरित्रवादी वाचनाला ही आख्यायिका दानविषयक दोह्यांचा पुरावा वाटते. वस्तुतः तिचे प्रयोजन निराळे आहे. पित्याचा किताब पेलणारा वारस औदार्यातही उणा नाही, हे ती ठसवते. तिच्यातील दाता उच्चासनावरूनच देतो. दोह्यांतील निवेदक त्या आसनावर नाही. मागणाऱ्याची मानहानी आणि नाकारणाऱ्याचे क्षुद्रत्व तो एकाच तराजूत तोलतो. जिथे सुईचे काम असते तिथे तलवार निरुपयोगी, हे तो जाणतो.

शिवाय ‘रहिमन’ ही नाममुद्रा ‘तुका म्हणे’प्रमाणे वक्त्याची ग्वाही देत नाही, अनेकदा ती संबोधनासारखी येते. मौखिक परंपरेतून आणि उत्तरकालीन संग्रहांतून आलेल्या या दोह्यांत तिला ऐतिहासिक व्यक्तीची स्वाक्षरी मानणे धोक्याचे आहे.

याचा अर्थ चरित्र त्याज्य ठरते असा नव्हे. १५८९ मध्ये अकबराला सादर केलेला ‘बाबरनामा’चा फार्सी अनुवाद निश्चित काळाचा आहे आणि त्यामागील दरबारी भूमिकाही उघड आहे. त्याशेजारी दोहे ठेवले, की सत्तेची भाषा आणि सत्तेला तोलणारी भाषा यांतील अंतर दिसते. चरित्रवादी वाचन हे अंतर पश्चात्तापाच्या कथेने बुजवते. परिणामी, सत्ता हाती असतानाही तिच्याकडे खालून पाहता येते, ही या दोह्यांतील शक्यता वाचकाच्या हातून निसटते.