परदेशी पदार्थ आणि आपली चूल

मराठी घरांतून हल्ली परदेशी पदार्थ शिजू लागले आहेत, आणि पदार्थांहून अधिक प्रमाणात त्यांविषयीची मते शिजू लागली आहेत. अमरावतीजवळच्या आमच्या वलगावासारख्या गावीही, जेथे भाकर, तुरीचे वरण आणि ठेचा यांवर पिढ्या वाढल्या, तेथे आता सुटीच्या दिवशी मुलांच्या हट्टाखातर पास्ता होतो, नूडल्स होतात. याचे आम्हांस नवल वाटत नाही. विचार करावयाचा तो त्यावरील मतांचा. आणि ही मते मुख्यत्वे दोन आहेत.

पहिले मत असे की, परक्यांचे अन्न आपल्या चुलीवर चढविणे म्हणजे संस्कृतीस मुकणे होय. या पक्षाच्या गृहस्थांनी एकादशीच्या दिवशी आपल्या ताटाकडे जरा बारकाईने पाहावे. ज्या कंदापासून आज साबुदाणा करितात तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची, ही चारही अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरीपूर्वी ती आपल्या देशात कोणी चाखलीही नव्हती. म्हणजे उपासाची खिचडी, जिच्याइतके सोवळे अन्न दुसरे मानले जात नाही, ती जवळजवळ सगळी परदेशी ठरते! ठेच्यातून मिरची काढली तर वऱ्हाडाने काय ठेचावे? फार काय, जवारीसुद्धा मूळची आफ्रिकेची. ती मात्र काही हजार वर्षांपूर्वी येऊन येथे रुजली. ताटातली तूर तेवढी खास या भूमीची. आणखी एक मौज अशी की, घरात नूडल्सना हरकत घेणारा शेतकरी शेतात मात्र चीनकडचा सोयाबीन बिनदिक्कत पेरतो. शेताला जी उदारबुद्धी चालते ती स्वयंपाकघराला का चालू नये?

दुसरे मत याच्या उलट, पण आमच्या मते तितकेच एकांगी आहे. परदेशी पदार्थ करावयाचा तर तो मुळाबरहुकूम झाला पाहिजे. ऑलिव्हचे तेल नसेल, अमुक जातीचे चीज नसेल, तर तो करूच नये, असे हा पक्ष म्हणतो. परंतु ज्या टोमॅटोवाचून इटलीच्या स्वयंपाकाची आज कल्पनाही करवत नाही, तो टोमॅटोही अमेरिकेतूनच तेथे गेला. इटलीने त्यास आपल्या पद्धतीने शिजविले, म्हणून तो तिचा झाला. वाङ्मयात आपण हा न्याय केव्हाच मान्य केला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून 1890 मध्ये ‘झुंझारराव’ रचिले, तेव्हा माणसांची नावे, त्यांची रीतभात, सर्व मराठी केले. मत्सराचा दाह तेवढा मूळचा ठेविला. मराठी रंगभूमीने ते आपले मानले. स्वयंपाकातही शब्दशः भाषांतरापेक्षा असे रूपांतरच अधिक काळ टिकते.

या दृष्टीने आपल्या पाकग्रंथांकडे पाहिले म्हणजे त्यांचे गुण आणि उणेपणा दोन्ही ध्यानात येतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून (1875) ही परंपरा चालत आली आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ या ग्रंथाने तर आपल्या नावातच एक हजार पाकक्रियांचे वचन दिले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी आणि चमचा ही माप-साधने पुढे ठेवून, माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींस आईच्या हाताचा अंदाज कागदावर आणून दिला. हे उपकार लहान नव्हेत. परंतु अलीकडच्या पाककृतिसंग्रहांत परदेशी पदार्थांचे प्रकरण बहुधा निराळे टाकलेले असते, आणि त्या पदार्थाचे आपल्याकडील नातलग कोण, हे तेथे सहसा सांगितलेले आढळत नाही. हा उणेपणा आम्हांस फार जाणवतो.

उदाहरणार्थ, वऱ्हाडातील सरगुंडे घ्या. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळावयाची, ती अलगद सरकवून काढावयाची, उन्हात वाळवावयाची, आणि मग शिजवून आमरसाबरोबर वाढावयाची. सिसिली बेटात त्रापानीकडे ‘बुझियाते’ नावाचा पास्ता असाच काडीभोवती वळून करितात. इटलीने 1967 च्या कायद्याने वाळविलेला पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा असे ठरविले. आपला बन्सी गहू त्याच कुळातला. दोन दूरच्या मुलुखांतील बायकांना एकच युक्ती सुचली, याहून मनोरम गोष्ट पाकशास्त्रात क्वचितच सापडेल.

पण दुःखाची गोष्ट ही की, आज पुष्कळ घरांत मुलांना पास्त्याचे चार प्रकार नावानिशी ठाऊक असतात आणि सरगुंडे हा शब्दही ठाऊक नसतो. सरगुंड्यांना चार जणींचे हात आणि उन्हाळ्याची दुपार लागते. पुडके फोडावयास काहीच लागत नाही. ज्या आजीला ते वळता येतात ती गेली की तिच्याबरोबर ती विद्याही जाते. पास्त्याने सरगुंड्यांना घालविले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांना घालविले ते आपल्या अनास्थेने. आणि त्या कष्टात कधी हात न घालता ताटावर बसून केवळ मत देणाऱ्या आम्हां पुरुषांनी, हेही सांगितले पाहिजे. परदेशी अन्नाविरुद्ध व्याख्यान देणाऱ्याने एक दुपार काडी हाती धरून बसावे. संस्कृतिरक्षणाचे तेवढे कार्य पुरेसे होईल.

पाकग्रंथकारांस आमची विनंती एवढीच की, पुढील आवृत्तीत पास्त्याच्या कृतीशेजारीच, त्याच पानावर, सरगुंड्यांची कृती द्यावी. काडी किती जाड, कणीक किती घट्ट, ऊन किती दिवस, हे सर्व वाटी-चमच्याच्या काटेकोरपणाने लिहावे. म्हणजे परका पाहुणा घरात येईल तेव्हा त्याची ओळख करून देण्यास घरचे माणूसही हजर असेल.