युद्धभूमीवरील वार्ताहर आणि मंत्रालयातील वार्ताहर : ‘फॉरेन करस्पॉन्डंट’ व ‘सिंहासन’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

पत्रकार हा चित्रपटाला पूर्वीपासून मानवलेला नायक आहे. त्याला कोठेही प्रवेश असतो, कोणालाही प्रश्न विचारण्याची मुभा असते आणि त्याच्या हाती लागलेल्या माहितीवर कथेचा शेवट बेतता येतो. युद्धकाळात परदेशी गेलेल्या पत्रकाराने तेथील राजकारणातील कपट उघडकीस आणावे, हा तर रहस्यपटांचा आवडता विषय. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘फॉरेन करस्पॉन्डंट’ (१९४०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. मराठीत या नायकाचा सगासोयरा शोधू गेल्यास डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) मधील दिगू टिपणीस समोर येतो. दिगू परदेशी जात नाही आणि त्याच्या भोवती युद्धही नाही; तरीही सत्तेच्या आतल्या गोटातील व्यवहार जाणून घेणे हे दोघांचेही काम आहे. या दोघांना गवसलेल्या सत्याचे पुढे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बातमी पोहोचविण्याची धडपड

‘फॉरेन करस्पॉन्डंट’चे कथानक ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्धाच्या उंबरठ्यावर सुरू होते. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाचा संपादक युरोपात पाठविण्यासाठी जाणकार अभ्यासक निवडत नाही. तो गुन्हेगारीच्या बातम्या देणाऱ्या जॉन जोन्सला निवडतो आणि ‘हंटली हॅवरस्टॉक’ असे भारदस्त नाव देऊन रवाना करतो. जोन्सला युरोपच्या राजकारणाचे ज्ञान नाही. हे अज्ञान हिचकॉक यांनी गुण म्हणून वापरले आहे. ॲमस्टरडॅम येथे पावसात, छत्र्यांच्या गर्दीत, व्हॅन मीर या डच मुत्सद्द्याची सर्वांदेखत हत्या होते. प्रत्यक्षात मारला गेलेला माणूस तोतया असतो. खऱ्या मुत्सद्द्याचे अपहरण झालेले असते. वाऱ्याच्या उलट दिशेने फिरणारी पवनचक्की जोन्सच्या नजरेस पडते आणि कटाचा धागा त्याच्या हाती लागतो. शांततेसाठी झटणाऱ्या संघटनेचा प्रतिष्ठित प्रमुख स्टीफन फिशर हाच शत्रूचा हस्तक निघतो.

चित्रपटातील सारा ताण एकाच प्रश्नाभोवती आहे : ही हकिगत वृत्तपत्रापर्यंत पोहोचेल काय? अमेरिकन जहाजाचा कप्तान बातमी पाठवू देत नाही, तेव्हा जोन्स दूरध्वनी सुरू ठेवून, दुसऱ्याशीच बोलत असल्याचे भासवून ती संपादकाच्या कानी घालतो. शेवटी लंडनवर बॉम्ब पडत असताना तो नभोवाणीवरून अमेरिकेला सावध करतो. अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे या चित्रपटाला आपला श्रोता ठाऊक होता आणि तो ऐकून जागा होईल असा विश्वासही होता. मात्र या विश्वासासाठी चित्रपटाने सोपी वाटही धरली आहे. येथील भ्रष्टता एका माणसात साठविलेली आहे. विमान कोसळल्यावर फिशर स्वतःहून समुद्रात प्राण देतो आणि तिचा निकाल लागतो.

सर्व जाणणारा वार्ताहर

‘सिंहासन’ची सामग्री अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांतून आली. पटकथा विजय तेंडुलकरांची. साधू स्वतः पत्रकार होते आणि त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. चित्रपटातील गीताचे कवी सुरेश भट हेही अमरावतीचेच. मुंबईच्या सत्ताकारणावरील या कलाकृतीत वऱ्हाडचा असा दुहेरी वाटा आहे.

येथे निळू फुले यांनी साकारलेला दिगू हा जोन्सच्या नेमका उलट आहे. जोन्सला काहीच माहीत नसते. दिगूला सर्व काही माहीत असते. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि त्यांचे आसन हिसकावू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) या दोन्ही गोटांत त्याचा वावर आहे. कामगारपुढाऱ्यापासून तस्करापर्यंतचे धागे एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे प्रेक्षकाला दिसत जाते. येथे एक खलनायक नाही; म्हणून कोणाला पकडून देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. दिगूला कोणी कोंडत नाही की त्याचा दूरध्वनी तोडत नाही. सत्ताधारी त्याला जवळ बसवतात, हीच त्याची कोंडी आहे. अखेरीस सत्तेचा डाव पुन्हा मांडला जातो आणि दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. जोन्सचा शेवट भाषणात होतो, दिगूचा हसण्यात.

एक आक्षेप

हा शेवट अतिरेकी निराशेचा आहे, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही. चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, ‘इंडियन एक्स्प्रेस’ने मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळातील सिमेंटवाटप आणि प्रतिष्ठानासाठी घेतलेल्या देणग्या यांचा संबंध प्रकाशात आणला. जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. परंतु राजीनामा आला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. बातमीला दाद मागणारे नागरिक मिळाले आणि दाद देणारे न्यायालय मिळाले, तेव्हाच ती परिणामकारक ठरली. ‘सिंहासन’मध्ये नेमका हाच दुवा गळलेला आहे. दिगूजवळ सत्य आहे. ते हाती घेऊन पुढे जाणारे कोणी नाही. चित्रपटाचे निदान पत्रकाराइतकेच त्याच्या वाचकालाही लागू पडते.

समारोप

दोन्ही चित्रपट पत्रकाराचे गुणगान करतात असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ‘फॉरेन करस्पॉन्डंट’ बातमीच्या सामर्थ्यावर विसंबतो, तर ‘सिंहासन’ त्या सामर्थ्याच्या अटी दाखवून देतो. युद्धात शत्रू सीमेपलीकडे असतो, म्हणून त्याचे पितळ उघडे पाडणे सर्वांना हवेसे वाटते. शांततेच्या काळातील भ्रष्टाचार आपल्याच ओळखीतला, अनेकदा उपकारकर्त्याचा असतो. बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातील वार्ताहराला हे सांगावे लागत नाही : ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशी उद्या बाजारात गाठ पडणार असते आणि जाहिरातही त्याच्याकडूनच मिळवायची असते. महाविद्यालयातून उद्याचे वार्ताहर घडतात, तसे उद्याचे वाचकही. ‘सिंहासन’ वर्गात दाखविताना दिगू का हसतो एवढेच विचारून थांबता येणार नाही. त्याची बातमी वाचून कोणी काय केले असते, हेही विचारावे लागेल.