हुल्ड्रा नाचते, बोगदा गप्प

नॉर्वेतल्या फ्लोमला क्रूझ लागते आणि माणसं थेट रेल्वेत बसतात. मिर्डालपर्यंतच्या २० किलोमीटरांत गाडी जवळपास समुद्रसपाटीपासून ८६६ मीटरवर चढते. मधे क्योसफोसेन धबधब्यापाशी ती थांबते. संगीत सुरू होतं, लाल कपड्यातली हुल्ड्रा, म्हणजे लोककथेतली भुलवणारी रानबाई, कड्यावर नाचते. सगळे मोबाइल वर.

मला हा प्रयोग खटकतो. नाच वाईट आहे म्हणून नाही. तो गाडीची खरी गोष्ट झाकतो म्हणून. या मार्गावर २० बोगदे आहेत आणि त्यांतले १८ मजुरांनी हातांनी खोदले. काम १९२४ला सुरू झालं, गाडी धावली १९४०मध्ये. पण बोगद्यात अंधार असतो, आणि अंधाराची रील होत नाही.

नॉर्वेच्याच एनआरके वाहिनीने २००९मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांचा रेल्वेप्रवास सलग दाखवला. बोगदा आला की पडद्यावर त्या रेल्वेची जुनी चित्रफीत यायची. काळोख आला की त्यांनी इतिहास दाखवला. फ्लोमच्या गाडीत त्याच काळोखात आपण फोटो निवडत बसतो. हुल्ड्राने भुलवायचं कुणाला, हे तिथेच ठरतं.